गाडी बाहेरची, कायदा इथलाच

रविवारची पहाट. पुण्यातल्या मार्केट यार्डाच्या फळ-भाजी विभागात आदल्या रात्रीपासून गाड्या लागलेल्या असतात. शनिवारची सुट्टी संपलेली असते आणि आठवड्यातली सर्वांत मोठी आवक याच दिवशी होते. आंध्र आणि तमिळनाडूतून शेवगा, मध्य प्रदेशातून लसूण, आग्रा-इंदूर-गुजरातकडून बटाटा, कर्नाटकातून कोबी आणि हिरवी मिरची, बेंगळुरूकडून आलं. गाळ्यांसमोर ट्रकचे फाळके धाडकन खाली पडतात, हमालांच्या पाठीवर पोती चढतात, किरकोळ विक्रेत्यांचे तीनचाकी टेम्पो आणि हातगाड्या त्यातूनच वाट काढतात. नुसत्या नंबरप्लेट वाचत गेलं तरी अर्धा भारत फिरून होतो.

समजा, अशाच एका पहाटे साडेपाचला तुम्ही स्कूटरवरून शिवनेरी रस्त्याने चालला आहात. माल उतरवून रिकामा झालेला एक टेम्पो मागे येता येता तुमच्या स्कूटरला धडकतो. तुम्ही हातावर पडता. मनगट ठणकतं, पण उठून उभं राहता येतं. ड्रायव्हर घाबरून खाली उतरतो आणि कानडी-हिंदीत काहीतरी विनवू लागतो. पाच मिनिटांत वीस माणसं जमतात. त्यांतलं कोणीतरी प्लेट वाचतं आणि निकाल देऊन टाकतं : "केए पासिंग आहे. सोडा हो, बाहेरची गाडी. दोन हजार घ्या आणि मिटवा. नंतर बेळगावला चकरा कोण मारणार?"

हा सल्ला देणारा माणूस मनाचा वाईट नसतो. पण त्याची माहिती चुकीची असते आणि तिची किंमत जखमीला मोजावी लागते. परराज्यातल्या गाडीने धडक दिली म्हणून तुमचा एकही हक्क कमी होत नाही, आणि त्यासाठी परराज्यात जावंही लागत नाही.

एक कायदा, एक विमा

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि तो सगळ्या देशाला एकच आहे. गाडी बेळगावची असो, इंदूरची असो की नागालँडची, कलम १४६ प्रमाणे तिचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो तो, असायलाच हवा. या विम्याच्या पॉलिसीवर व्याप्तीचं क्षेत्र 'भारत' असं छापलेलं असतं. कर्नाटकात काढलेली पॉलिसी गुलटेकडीच्या चढावर तितकीच लागू असते.

ही सोय वाटते तितकी साधी नाही. युरोपात देशागणिक कायदा वेगळा आणि विमा कंपन्याही वेगळ्या. फ्रान्सची गाडी जर्मनीत कोणाला धडकली तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न सोडवायला १९४९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 'ग्रीन कार्ड' पद्धतीचा पाया घातला गेला. प्रत्येक देशात एक विमा ब्युरो नेमला गेला. परदेशी गाडीने अपघात केला की जखमीने आपल्याच देशातल्या ब्युरोकडे जायचं, हिशेब ब्युरो आपसांत मिटवणार. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गाडीत दोन्ही चालकांनी भरायचा अपघाताचा छापील फॉर्म ठेवलेला असतो, तोही याच गरजेतून आला. आपल्याकडे राज्यांच्या सीमा ओलांडताना असं काहीच लागत नाही, कारण कायदा आणि विमा या दोन्हींच्या दृष्टीने देश एकच आहे.

दाव्याच्या जागेचंही तसंच. कलम १६६ प्रमाणे भरपाईचा अर्ज तीनपैकी कुठल्याही ठिकाणी करता येतो : जिथे अपघात झाला तिथे, जिथे अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा जिथे समोरचा पक्ष राहतो तिथे. निवड अर्जदाराची. मार्केट यार्डात अपघात झालेला पुणेकर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. यार्डात काम करणारा लातूरचा हमाल गावी परतला असेल तर त्याला लातुरातही दावा लावता येतो. चकरा माराव्या लागल्याच तर त्या गाडीच्या मालकाला आणि विमा कंपनीला.

दोन हजार आणि अडीच लाख

आता त्या ठणकणाऱ्या मनगटाकडे वळू. पहाटे साडेपाचला ते नुसतं सुजलेलं दिसतं. नऊ वाजता एक्स-रे काढल्यावर कळतं की हाडाला तडा गेला आहे. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं, त्याला तडा जाणं किंवा ते निखळणं ही 'गंभीर दुखापत' आहे. मग ते मांडीचं हाड असो की मनगटातलं छोटं हाड. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये गाडीच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मागता येतात, आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. नुकसान याहून मोठं असेल आणि समोरच्याची चूक दाखवता येत असेल, तर कलम १६६ खाली पूर्ण भरपाईचा दावा करता येतो.

म्हणजे रस्त्यावर दोन हजार घेऊन जो विषय मिटतो, त्यामागे अडीच लाखांचा हक्क असू शकतो. तो त्या वेळी कोणालाच दिसत नसतो, जखमीलाही नाही. म्हणून पहिला नियम : डॉक्टरांनी तपासेपर्यंत काहीही मिटवायचं नाही. ड्रायव्हरने माणुसकीने औषधपाण्याला पैसे दिले तर नोंद ठेवून जरूर घ्यावेत, पण 'माझी काही तक्रार नाही' अशा चिठ्ठीवर सही करू नये. चूक तुमची असेल तरीही रस्त्यावर भरपाईचं वचन देऊ नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही किंवा तडजोड करायची नाही, अशी अट पॉलिसीतच असते.

पहिली पंधरा मिनिटं

जखमी माणूस सर्वांत आधी. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ ही महाराष्ट्रातली रुग्णवाहिका सेवा, दोन्ही पाठ हवेत. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या फेऱ्यांना घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ प्रमाणे मदतकर्त्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

यानंतर मोबाइल हातात घ्या, कारण बाहेरच्या गाडीच्या बाबतीत खरी अडचण वेळेची असते. शेजारच्या गल्लीतली गाडी उद्याही तिथेच उभी सापडेल. हा टेम्पो मात्र दुपारपर्यंत सातारा-कोल्हापूर ओलांडून गेलेला असेल. म्हणून गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. आधी लांबून, चौक, दुकानांच्या पाट्या आणि दोन्ही गाड्या एका चौकटीत येतील असे. मग जवळून : धडकेची जागा, रंगाचे ओरखडे, रस्त्यावरच्या काचा, टायरच्या खुणा. नंबरप्लेटचा फोटो पुढून आणि मागून दोन्हीकडून घ्या. पुढची प्लेट कधी चिखलाने माखलेली असते, मागची कधी दोरखंडाआड गेलेली असते.

नंबर पूर्ण आणि अचूक हवा. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन आकडे परिवहन कार्यालयाचे. एमएच-१२ पुणे, तसं केए-२२ बेळगाव. तेलंगणाच्या जुन्या गाड्या टीएस, तर २०२४ पासूनच्या नव्या गाड्या टीजी. घाईत लिहिताना इथेच चूक होते. एनएल म्हणजे नागालँड, पण त्या गाडीचा मालक तिथेच राहत असेल असं नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या बीएच मालिकेच्या प्लेटवर तर राज्यच नसतं. आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच. प्लेटचा रंगही सांगतो : पिवळी प्लेट व्यावसायिक गाडीची, पांढरी खासगी, हिरवी विजेवरच्या गाडीची.

नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर तिथल्या तिथे पाहता येतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण नोंदणी कुठली, गाडीचा प्रकार कोणता आणि विम्याची मुदत कधीपर्यंत आहे हे कळतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. गाडी कोणीतरी विकत घेतली आहे आणि नाव बदललेलं नाही, असं ड्रायव्हर सांगेल. त्याने बिचकू नका. कायद्याच्या नजरेत नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

यार्डातली कागदाची वाट

मार्केट यार्डात अपघात झाला तर एक गोष्ट आपल्या बाजूची असते, आणि ती हायवेवर मिळत नाही. इथे आलेली मालवाहू गाडी उगाच फिरत आलेली नसते. ती कोणाच्या तरी मालाने भरून, कोणाच्या तरी गाळ्यावर आलेली असते. तिच्यामागे कागदांची एक साखळी असते.

ड्रायव्हरच्या खिशात बिल्टी असते. तिच्यावर ट्रान्सपोर्टरचं नाव, माल कुठून निघाला आणि कोणाकडे आला हे लिहिलेलं असतं. वजनकाट्यावर गाडी गेली असेल तर काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ छापलेली असते. प्रवेशद्वारावर आवकेची नोंद होते. आडत्याच्या वहीत मालासमोर गाडीचा उल्लेख असतो. माल उतरवणाऱ्या टोळीला गाडी पक्की आठवते. आणि बऱ्याच ट्रकच्या केबिनवर मालकाचं नाव-गाव रंगवलेलं असतं, मागे ट्रान्सपोर्टचा फोन नंबर.

तेव्हा ड्रायव्हरला पहिला प्रश्न 'लायसन्स दाखव' असा न करता 'माल कोणाच्या गाळ्यावर उतरवला?' असा करून पाहा. उत्तर बहुधा लगेच मिळतं, कारण त्यात त्याला धोका वाटत नाही. गाळा नंबर कळला की तो टेम्पो गर्दीत हरवत नाही. आडत्याला त्याचा ट्रान्सपोर्टर माहीत असतो, आणि धंद्याच्या नात्यामुळे ट्रान्सपोर्टरही सहसा फोन उचलतो. कर्नाटकातल्या अनोळखी मालकापर्यंत पोचायची ही सर्वांत जवळची वाट आहे. ही माहिती तुम्ही स्वतः गोळा करत बसायची गरज नाही, पण पोलिसांना जबाब देताना 'अमुक गाळ्यावर माल उतरवून निघालेली गाडी' एवढं वाक्य त्यात आलं तर तपासाला धागा मिळतो.

दुसरा धागा कॅमेऱ्यांचा. गाळे, बँका, हॉटेलं, पतसंस्था, सगळीकडे सीसीटीव्ही आहेत. पण त्यांच्या साठवणुकीला मर्यादा असते आणि काही दिवसांत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. कोणत्या दुकानाचा कॅमेरा त्या जागेकडे तोंड करून आहे, हे त्याच दिवशी पाहून ठेवा आणि चित्रण ताब्यात घेण्याची विनंती पोलिसांना लेखी करा.

ड्रायव्हर पळतो का?

परराज्यातला ड्रायव्हर अपघातानंतर पळाला की आपण ते गुन्ह्याची कबुली समजतो. पुष्कळदा ती भीती असते. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, भोवती चढ्या आवाजात बोलणारा जमाव आणि हातातली गाडी दुसऱ्याच्या मालकीची. कायद्यालाही ही भीती ठाऊक आहे. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवाद त्याच कलमात घातला आहे. अशा वेळी त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, माहिती द्यायची असते.

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरातले ट्रकचालक संपावर गेले आणि आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते याच भीतीतून. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघात करून कोणाला न कळवता पळून गेलेल्या चालकाला मृत्यूच्या प्रकरणात दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होती. थांबलो तर मार, पळालो तर तुरुंग, असं त्यांचं म्हणणं होतं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा कलम १०६ मधलं हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं.

म्हणून जमलेल्या वीस जणांना हात जोडून एकच सांगायचं : कोणी त्याच्या अंगावर हात टाकू नका. मारहाणीने जखमीला एक रुपया मिळत नाही. उलट ड्रायव्हर गाडी घेऊन निघून जातो, साक्षीदार पांगतात आणि मारणाऱ्यांवर वेगळा गुन्हा दाखल होतो. त्याला पाणी द्या, बाजूला बसवा, त्याच्या मालकाला फोन लावू द्या. तो जितका शांत, तितके त्याचे कागद लवकर हातात येतात : आरसी, विमा, परमिट, लायसन्स. त्यांचे फोटो घ्या, मूळ कागद काढून घेऊ नका. गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकारही जमावाला नाही.

ठाण्यात आणि दवाखान्यात

यार्डाच्या आतल्या अपघातासाठी मार्केट यार्ड पोलीस ठाणं आहे. पण आजूबाजूला बिबवेवाडी आणि स्वारगेटच्या हद्दीही आहेत, आणि अपघात नेमका कोणाच्या हद्दीत झाला यावरून जखमीला फिरावं लागण्याचं कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्दीचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात द्यावी, असं आता स्पष्ट लिहिलेलं आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. बेदरकार गाडी चालवल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५, मृत्यू झाल्यास कलम १०६ लागतं. ही कलमं तुम्ही सांगायची नाहीत. तुम्ही घडलेलं सांगायचं : वेळ, जागा, दिशा, गाडीचा पूर्ण नंबर, साक्षीदारांची नावं. घटनास्थळाचा पंचनामा होताना शक्य तर घरचं कोणीतरी तिथे हजर राहावं.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांच्या कामाला मुदती घालून दिल्या आहेत. अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायला हवा, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना दहा दिवसांत द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद प्रकरणातल्या निकालात या पद्धतीची अंमलबजावणी काटेकोर व्हावी असं बजावलं. तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि 'प्राथमिक अहवाल गेला का?' असं नम्रपणे, पण नक्की विचारा. हे अहवाल म्हणजे पुढच्या दाव्याचा कणा.

दवाखान्यात एक चूक फार महागात पडते. घाईत कोणीतरी डॉक्टरांना सांगतं, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तो कागद पुढे करून विचारतो, दुसरी गाडी होतीच कुठे? म्हणून केसपेपरवर 'टेम्पोची धडक' आणि शक्य असल्यास गाडीचा नंबर पहिल्याच नोंदीत यायला हवा, आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, म्हणजे ज्याला दवाखान्यात 'एमएलसी' म्हणतात ती नोंद व्हायला हवी. तुम्ही ससूनला जा की खासगी रुग्णालयात, हे आग्रहाने सांगा.

पैशाअभावी उपचार थांबू नयेत म्हणून केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनाखर्च मिळतात. धडक देणारी गाडी कुठल्या राज्याची, हा प्रश्न तिथे येतच नाही.

दावा कसा उभा राहतो

नुसत्या गाडीचं नुकसान झालं असेल आणि तुमचा सर्वसमावेशक, म्हणजे 'फुल' विमा असेल, तर सरळ स्वतःच्या विमा कंपनीकडे जाणं सोयीचं. समोरची गाडी सापडायची वाट बघावी लागत नाही. त्याच दिवशी कळवा आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. दावा न केल्याबद्दल मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सवलत मात्र जाते. बंपरच्या किरकोळ खर्चासाठी ती घालवायची का, हा हिशेब आधी मांडून बघा.

शारीरिक इजेचा दावा न्यायाधिकरणात जातो. त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांतच अर्ज करा. मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांना प्रतिवादी करायचं असतं. पैसे देणारी मुख्यतः विमा कंपनी असते आणि मोठ्या कंपन्यांची कार्यालयं पुण्यातच असतात. चालकाकडे योग्य लायसन्स नसेल तरी अनेकदा न्यायालय कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. गाडीचा विमाच नसेल, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती गाडी सोडता येत नाही. म्हणून विमा संपलेला दिसला तर पोलिसांच्या ते तातडीने लक्षात आणून द्या. कंपनीने मध्येच तडजोडीची रक्कम पुढे केली तर नीट वाचून मगच सही करा, कारण ती स्वीकारली की दावा संपतो.

भरपाई किती, हे मुख्यतः वय, उत्पन्न आणि अपंगत्वाचं प्रमाण यांवर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी त्याचं गणित घालून दिलं आहे. मार्केट यार्डातल्या कष्टकऱ्याचं घोडं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्याशी. 'हातावर पोट' असं म्हणून त्याचं उत्पन्न फार कमी धरलं जातं. पण नोंदणीकृत हमालाकडे आणि तोलणाऱ्याकडे भक्कम कागद असतो : १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळात त्याची मजुरी जमा होते आणि तिथून त्याला मिळते, तेव्हा मंडळाच्या नोंदी हाच त्याचा पगाराचा दाखला. माल घेऊन आलेला शेतकरी जखमी झाला तर सातबाऱ्याच्या जोडीला आडत्याने दिलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, जोडाव्यात. वर्षभराच्या पट्ट्यांवरून त्याची उलाढाल दिसते. भाजीवालीकडे पथारीचा परवाना, खरेदीच्या पावत्या, मोबाइलवर आलेल्या पैशांचा बँक-उतारा असतो. हे कागद पिशवीत भरून माळ्यावर टाकू नका.

गाडी सापडलीच नाही तर

अंधारात धडक देऊन गाडी निघून गेली आणि नंबर कोणालाच दिसला नाही, असंही होतं. आईमाता मंदिराकडून गंगाधाम चौकात उतरणाऱ्या उतारावर भरलेली गाडी क्षणात पुढे जाते. अशा वेळीही हात टेकायचे नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालच्या २०२२ च्या योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पोलिसांत नोंद आणि वैद्यकीय कागद इथेही लागतातच. पुढे गाडी सापडली तर पूर्ण भरपाईचा रस्ता खुला होतो.

क्वचित खरोखरच परदेशी नंबरची गाडी समोर येते, जगभ्रमंतीला निघालेल्या एखाद्या पाहुण्याची. २०२२ च्या नियमांप्रमाणे तिच्यातही नोंदणी, लायसन्स आणि वैध विमा हे कागद हवेतच. ते इतर भाषेत असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत लागतं. तो पाहुणा देश सोडून जाण्याआधी पोलिसांत नोंद होणं, एवढी जास्तीची घाई मात्र इथे हवी.

पुन्हा त्या पहाटेकडे

साडेपाच वाजले आहेत, मनगट ठणकतं आहे आणि कोणीतरी म्हणतं आहे, "बाहेरची गाडी, सोडा." आता तुमच्याकडे उत्तर आहे. दोन्ही बाजूंनी नंबरचा फोटो, माल उतरवलेल्या गाळ्याचं नाव, ड्रायव्हरच्या कागदांचे फोटो, ११२ ला फोन, केसपेपरवर 'टेम्पोची धडक', ठाण्यात फिर्याद आणि डॉक्टरांनी तपासेपर्यंत कुठल्याही चिठ्ठीवर सही नाही. यातलं एकही काम करायला वकील लागत नाही की बेळगावचं तिकीट लागत नाही.

आणि त्या ड्रायव्हरलाही सांगा, हिंदीत का होईना, की इथे तुला कोणी मारणार नाही, आपण दोघं ठाण्यात जाऊ, तुझ्या गाडीचा विमा आहे ना, मग तो याच दिवसासाठी आहे. पुढच्या रविवारी तो पुन्हा मिरची घेऊन येणार आहे. ती मिरची आपल्याच घरात येणार आहे. त्याच्या गाडीला बाहेरची म्हणून सोडून देणं आणि बाहेरची म्हणून फोडणं, दोन्ही सारखंच चूक.